कणीक फुगेपर्यंत बाबा आत

भिंगरीचे बाबा आयुष्यात एकदाच धावले होते. मागे कुत्रा होता म्हणून. ती शर्यत कुत्र्याने जिंकली, आणि तेव्हापासून बाबांचं ठाम मत झालं की पाय माणसाला उभं राहण्यासाठी दिलेले आहेत. त्यांचा आणखी काही उपयोग करणं म्हणजे निसर्गाशी वाकडं घेणं.

उभे मात्र ते भरपूर राहायचे. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांची बेकरी होती. पुढे दुकान, मागे भट्टी, वर घर. लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात घेऊन बाबा भट्टीसमोर उभे राहिले की एखाद्या सेनापतीसारखे दिसत. फक्त सेनापतीच्या पोटाला पीठ लागलेलं असे. त्या फावड्यावर ते पाव आत सारायचे, त्याच फावड्याने बाहेर काढायचे, आणि दुसऱ्या कुणी फावड्याला हात लावला तर असं बघायचे की जणू त्याने त्यांची मिशी धरली.

दुसरा कुणी म्हणजे मामा. आईचा धाकटा भाऊ. सायकलवरून घरोघरी पाव पोचवायचं काम त्याचं, आणि ते तो झकास करायचा. पण बाबा जेवायला वर गेले की तेवढ्यापुरती भट्टी त्याच्याकडे यायची, आणि मग बाबा जेवून खाली येईपर्यंत पावांचे कोळसे झालेले असायचे. मामा वाईट नव्हता. त्याला फक्त वेळ कळायची नाही. त्याचं 'आत्ताच तर टाकले' हे वाक्य ऐकून बाबांचा घास घशात अडकायचा. सगळी गल्ली त्याला कोळसामामा म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा.

आणि भिंगरी म्हणजे बाबांची मुलगी. एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिचा आवाज शेजारच्या बाकावरही पोचत नसे. मग एके दिवशी विज्ञानाच्या बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं, म्हणाल्या रक्ताभिसरण सांग. काय झालं कोण जाणे, हृदयाचे चारही कप्पे तिच्या तोंडून असे धडाधड बाहेर पडले की वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती रक्ताविषयी असं बोलायची, जणू ते तिनेच शोधून काढलंय आणि बाकीचे लोक नुसतं वापरतात.

तर अशा या सुखी घरावर एक आकडा येऊन पडला.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की काही खरं नसतं.

"गोळ्या घेता ना वेळेवर?"

"हो."

"चालता?"

"उभा राहतो," बाबा म्हणाले.

"उभं राहणं हा व्यायाम नाही. खांबही उभा असतो." बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "सोमवारी परत या. आकडा खाली आला नाही, तर भट्टीसमोर दिवसभर तापत उभं राहणं बंद. ते काम मेहुण्यांकडे द्या."

बाबा घरी आले ते थेट फावड्यापाशी गेले आणि त्याच्या दांड्यावरून हात फिरवत बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण तिसऱ्यांदा भाजी मागितली नाही, त्यावरून आईला काय ते कळलं.

"चाला ना मग," भिंगरी म्हणाली. "मी येते सोबत. रोज शाळेच्या कोपऱ्यापर्यंत."

"मला भट्टी कधी सुटते चालायला?"

"भट्टी सुटू नये म्हणूनच चालायचंय, बाबा."

"बघू," बाबा म्हणाले. आणि बाबांच्या 'बघू'चा अर्थ त्या घरात बाळालासुद्धा कळला असता.

दुसऱ्या दिवशी बेडकुळीकाका पाव घ्यायला आले. पलीकडच्या गल्लीत त्यांची व्यायामशाळा. बोलता बोलता ते दंडाची बेडकुळी फुगवून दाखवत, समोरच्याने मागितली नसली तरी. सुट्टे पैसे घेतानाही फुगवायचे.

"नवीन खोली केलीय आमच्याकडे," ते म्हणाले. "लाकडी. दार लावायचं, आत उष्णता सोडायची आणि बसायचं. घाम गाळत."

"कशासाठी?" बाबांनी विचारलं.

"हृदयासाठी. उष्णता लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. अंग गार ठेवायला रक्त भराभर कातडीकडे न्यावं लागतं, मग हृदयाचे ठोके वाढतात. आपण झपझप चाललो की वाढतात ना, तसे. म्हणजे बघा, हृदय धावतंय आणि माणूस बसलाय."

पाव गुंडाळता गुंडाळता बाबांचे हात थांबले. इतकं सुंदर वाक्य त्यांच्या कानांवर आजवर पडलं नव्हतं. हृदय धावतंय. माणूस बसलाय.

"पण आधी डॉक्टरांना विचारायचं हं," काका पुढे सांगत होते. "थोडाच वेळ बसायचं, पाणी प्यायचं, उठताना सावकाश..." पण हे सगळं त्यांनी रिकाम्या गल्ल्याला सांगितलं. बाबा मागे गेले होते आणि भट्टीशेजारच्या खोलीचं दार उघडून आत असं बघत होते, की जणू इतकी वर्षं घरात खजिना होता आणि त्यांनी त्यावर ट्रे ठेवले होते.

ती फुगवणीची खोली. बेकरीत पाव भाजण्याआधी कणीक उबेला ठेवून फुगवावी लागते, त्यासाठी ही छोटी, बिनखिडकीची, लाकडी दाराची खोली. दाराला वहीएवढी काच. भिंतीत एक लोखंडी झडप, ती उघडली की भट्टीची ऊब आत येते. खाली पत्र्याच्या परातीत पाणी ठेवलं की वाफ होते आणि कणकेला पापुद्रा धरत नाही. कणकेला जे चालतं ते आपल्याला का चालू नये, असा बाबांचा साधा हिशेब होता.

"अहो, दिवसभर भट्टीसमोर असता," आई म्हणाली. ती तेव्हा कोपरापर्यंत कणकेत होती. "आणखी कसली उष्णता हवीय तुम्हाला?"

"ती कामाची उष्णता. ही आरोग्याची."

"घाम दोन्हीचा खारटच."

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की याला आगीतून फुफाट्यात म्हणतात."

पण बाबा अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले होते. दुपारी दुकान बंद झाल्यावर त्यांनी ट्रे बाहेर काढले, कमरेला पंचा गुंडाळला, एक रिकामा खोका उपडा घालून त्यावर बसले आणि भिंगरीने दार लावलं.

आता प्रश्न आला वेळेचा. बेकरीत घड्याळ नव्हतं. बाबांचा घड्याळावर विश्वासच नव्हता. घड्याळाला काय माहीत, ते म्हणायचे, आज हवा गार आहे की दमट, पीठ नवं आहे की जुनं. घड्याळ आपलं तोंड फिरवत बसतं. त्यांची पद्धत वेगळी. प्रत्येक घाण्यातली चिमूटभर कणीक काचेच्या सरळ पेल्यात टाकायची आणि पेल्याला बाहेरून, कणीक जिथवर यायला हवी तिथे, रबर अडकवायचं. पेल्यातली कणीक रबराला टेकली की ट्रेमधली सगळी कणीक तयार. बाबांच्या वडिलांपासून हे चालत आलेलं, आणि त्या पेल्याने त्यांना कधी फसवलं नव्हतं.

म्हणून बाबा पेला घेऊनच आत बसले. कणीक रबराला टेकली की बाहेर यायचं.

पहिल्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा बिटासारखे लाल होते, आणि इतके खूश की लाल रंग त्यांना शोभत होता. सरळ पिठाच्या पोत्यांच्या वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले.

"कोळशा, बघ रे."

मामाने वाकून बघितलं. "दाजी, कमी भरताय तुम्ही."

"भरणारच. चरबी वितळली." आणि बाबांनी विजयाने तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा केला, दुसरा मागितला, तोही रिकामा केला.

"आता पुन्हा उभे राहा," भिंगरी म्हणाली.

काटा जिथला तिथे आला. बाबा काट्याकडे बघत राहिले. मग मामाकडे, जणू मामाने मागून पाय ठेवला असावा.

"चरबी नाही वितळली, बाबा. घाम गेला आणि पाणी आलं. चरबी काय लोणी आहे का, झडप उघडली की वितळायला?"

"तुझं रक्त तू सांभाळ," बाबा म्हणाले. "वजन जाऊ दे. मला हृदयाशी मतलब आहे. केवढं धडधडत होतं, माहितीये? मी बसलेलो आणि ते आपलं पळतंय."

रोज दुपारी हाच कार्यक्रम सुरू झाला. मामा काचेतून बघून येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायचा, "दाजी आत आहेत. अजून थोडे कच्चे आहेत." आई दाराबाहेर लिंबू-मीठ घातलेलं पाणी ठेवायची आणि कणीक जरा जोरात आपटायची. आणि भिंगरीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सोमवारी आकडा खाली आला नाही, तर भट्टी मामाकडे जाईल. मग गल्लीभर कोळसे वाटले जातील, आणि बाबा दिवसभर वर खिडकीत बसून धुराच्या रंगावरून मामाच्या चुका ओळखतील. तसे बाबा तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. म्हणून ती दार लावून द्यायची आणि गप्प बसायची, आणि गप्प बसणं तिला अजिबात जमत नसे.

बाबांना मात्र रोज नवा शोध लागत होता.

"भिंगरे, एक गोष्ट ध्यानात आली का तुझ्या? झडप जास्त उघडली की खोली जास्त तापते."

"हो."

"खोली जास्त तापली की कणीक लवकर फुगते."

"हो."

"कणीक लवकर फुगली की मी लवकर बाहेर. म्हणजे जेवढी आच जास्त, तेवढा मी आत कमी. जळायची भीतीच नाही. कशी योजना आहे बघ."

भिंगरीने यात चूक शोधायचा प्रयत्न केला. सापडेना. बाबा जिना चढून गेले तेव्हा शीळ घालत होते.

रविवारी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, बाबांनी ठरवलं की आता शेवटचा जोर लावायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळेच लावतात. जेवण झालं, रक्तदाबाची गोळी घेतली, खाली आले आणि झडप भिंतीला टेकेपर्यंत उघडली. एवढी ती कधी कुणी उघडली नव्हती. गंजाने कुरकुरली. परातीतलं पाणी वाफाळायला लागलं. बाबा पेला घेऊन आत गेले.

भिंगरी वर अभ्यासाला बसली होती. बसली होती म्हणजे पुस्तक बसलं होतं, ती फिरत होती. फिरत फिरत खाली आली. मामा भट्टीपुढे उभा होता. संध्याकाळच्या पावांचे ट्रे बाहेर मांडलेले होते.

"बाबा?"

"आत. शिजतायत."

तिने काचेला नाक लावलं. काच आतून ओली झालेली, त्यामुळे बाबा पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. खोक्यावर बसलेले, पेला गुडघ्यावर. तिने बोटाने विचारलं, झालं का? बाबांनी मान हलवली. अजून नाही.

ती दुकानात गेली, आईला बिस्किटांच्या बरण्या पुसू लागली, तीन पुसल्या, एक खाल्ली म्हणजे त्यातलं बिस्कीट, आणि परत आली.

बाबा तसेच. पेला तसाच.

"मामा, आज वेळ लागतोय का रे जास्त?"

"मला नको विचारूस," मामा प्रामाणिकपणे म्हणाला. "मला वाटतं ते आत्ताच तर गेले."

भिंगरीने बाहीने काच पुसली. बाहेरून पुसून आतली वाफ जात नाही, पण एक थेंब ओघळला आणि त्या वाटेतून तिला पेला दिसला. कणीक तळापासून थोडी वर आली होती आणि तिथेच थांबली होती. वरून चकचकीत. काचेला चिकटलेली कड पांढुरकी, चिवट, उकडल्यासारखी. आणि बाबा तिच्याशी बोलत होते. ओठ हलत होते. भिंगरीने दाराला कान लावला.

"चल राजा," बाबा पेल्याला समजावत होते. "थोडंच राहिलंय. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय आपल्याला."

एरवी ती हसली असती. पण तिच्या डोक्यात काहीतरी खट्कन जागेवर बसलं. लहानपणी तिने एकदा मदत करायला म्हणून यीस्टमध्ये कढत पाणी ओतलं होतं. बाबा ओरडले नव्हते, फक्त तिचं बोट त्या पाण्यात क्षणभर टेकवून म्हणाले होते, "तुला सोसत नाही ना? मग त्याला कसं सोसेल? ऊब दिली तर फुगवतं, चटका दिला तर मरतं." पावाच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि बाबांनी तो आयुष्यभर सगळ्या जगाला दिला होता. फक्त ते स्वतः खोलीत जाऊन बसले तेव्हा तो दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवला होता.

एवढ्या आचेत चिमूटभर कणकेतलं यीस्ट कधीच मेलं होतं. मेलेली कणीक फुगत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. आणि कणीक फुगेपर्यंत बाबा बाहेर येणार नव्हते.

"मामा," ती म्हणाली, "दार उघड."

"त्यांनी सांगितलंय फुगल्याशिवाय—"

"ती फुगणारच नाहीये. मेलीय ती."

"कोण मेली?" दुकानातून आई आली.

"कणीक. बाबा मेलेल्या कणकेची वाट बघतायत."

आईने दाराची कडी खेचली. दार हललं नाही. रोजच्या वाफेने लाकूड फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. त्या खोलीत जे फुगायला नको तेच नेमकं फुगलं होतं. मामाने खांदा लावला, मग दोन्ही पाय भिंतीला लावून कडीला लोंबकळला, आणि कडी हातात घेऊन खाली बसला. मग त्याने असं केलं जे त्या बेकरीत कुणी स्वप्नातही केलं नसतं. बाबांचं फावडं उचललं, त्याचं पातळ पातं दाराच्या फटीत घातलं आणि सगळं अंग टाकलं. दार करकरलं, सुटलं, आणि आतून वाफेचा असा लोट आला की तिघांचे केस कपाळाला चिकटले.

"दार लावा," आतून बाबा म्हणाले. "ऊब जातेय. अजून झालेली नाहीये."

"बाबा, बाहेर या."

"ती मागं हटत नाही तर मीही नाही," बाबा म्हणाले, पण त्यांची जीभ जड झाली होती आणि ते भिंगरीऐवजी झडपेकडे बघून बोलत होते. मग काय वाटलं कोण जाणे, ते ताडकन उठले. आणि उठता उठताच त्यांचा सगळा लाल रंग कुणीतरी बूच काढल्यासारखा खाली गेला. बाबा पांढरे झाले, पिठापेक्षा पांढरे, आणि गुडघ्यांत दुमडले.

मामाने त्यांना काखेत पकडून खेचलं. पाय फरशीवर घासटत, पंचा सावरत, पेला अजून मुठीत, असे बाबा दारातून बाहेर आले. कोळसामामाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वेळेवर बाहेर काढलं होतं.

"आडवं कर त्यांना," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज फळ्यापुढे आला होता तसाच आला. "पाय वर. पोत्यावर. सगळं रक्त कातडीत आणि पायांत उतरलंय, डोक्याला पुरत नाहीये. आई, ओला कपडा. मान, काखा. मामा, तू पळ, डॉक्टरीणबाईंना घेऊन ये."

मामा पळाला. आईने ओली फडकी टाकली आणि रिकाम्या ट्रेने वारा घालायला लागली, एवढ्या जोरात की आजूबाजूचं पीठ उडून बाबांवर बसलं. बाबांनी डोळे उघडले.

"मी कुठंय?"

"मैद्यात," आई म्हणाली. तिचा ट्रे थांबला नव्हता. तोंडही थांबलं नव्हतं. "दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला घाम गाळायला सांगितलं तर तो चार पावलं चालला असता. तुम्ही स्वतःलाच भट्टीत घातलंत."

 बाबा भिंगरीचा हात शोधून हळू आवाजात म्हणाले, "भट्टीसमोर नसलो तर मी कोण गं?"

"माझे बाबा," भिंगरी म्हणाली. "सध्या आडवे."

डॉक्टरीणबाई रविवारच्या होत्या, म्हणजे घरातल्या कपड्यांत, केसांना तेल. पण पट्टा बरोबर होता. त्यांनी तो गुंडाळला, फुगवला, सोडला आणि भुवया वर गेल्या.

"किती?" बाबांनी पडल्या पडल्या विचारलं.

"फारच कमी झालंय."

बाबांच्या पिठाळ चेहऱ्यावर हसू फुटलं. त्यांनी डोकं उचलायचा प्रयत्न केला. "म्हणजे पास? कमी पाहिजे होतं ना? लिहून घ्या मग. साक्षीदार आहेत."

"पडून राहा," बाई म्हणाल्या. "हा पास नाही, हा तळ आहे. तुमची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. उष्णताही सैल करते. दोघींनी मिळून नळ उघडा टाकला आणि निघून गेल्या. वर तुम्ही ताडकन उठलात. आणखी थोडा वेळ आत राहिला असतात तर मी पट्टा नसता आणला, गाडी बोलावली असती."

"पण हृदय धावतं ना? बसल्या बसल्या?"

"धावतं," बाई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या हे बाबांना बरं वाटलं. "धडधाकट माणूस थोडा वेळ, बेताच्या उष्णतेत, पाणी पिऊन, नियमाने बसला तर त्याला फायदा होतो असं दिसतं. काहींचा दाबही उतरतो. पण तुमचा दाब असा चढलेला, वर गोळ्या चालू, आधी विचारायचं. आणि हृदय धावलं तरी पाय बसूनच राहतात. पायांचं काम कुणी करायचं?"

आईने बाबांना घोटघोट मीठ-साखरेचं पाणी पाजलं. रंग परत आला. बऱ्याच वेळाने बाईंनी पुन्हा पट्टा गुंडाळला. भिंगरी पट्ट्याला जोडलेल्या तबकडीवरच्या काट्याकडे बघत होती. काटा जिथे होता तिथून वर सरकला होता, जवळजवळ जुन्याच आकड्यापाशी.

"आला घरी परत," आई म्हणाली.

बाबांना सगळं कळलं. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे बघितलं. पात्याचा एक कोपरा दारात तुटला होता.

"सोमवारी यायला नको," बाई पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "मी आत्ताच सांगते. भट्टी बंद. रोज चालायचं. आकडा उतरला आणि टिकला, मग बघू." आणि डॉक्टरांच्या 'बघू'चा अर्थ बाबांच्या 'बघू'सारखा नसतो.

 मामाने फावडं उचललं, पण ते हातात धरून तो असा उभा होता, की जणू कुणीतरी त्याच्या हातात रडतं मूल दिलंय.

"दाजी, मला नको हे," तो म्हणाला. "मी जाळतो. तुम्हालाही माहितीये, मलाही माहितीये, गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहितीये. तुम्ही नसलात की मला कळतच नाही किती वेळ झाला."

"पेल्यावर बघ."

"पेला फुगवणीचा. भाजताना कुठं असतो पेला? भाजताना तुम्ही असता. तुम्ही नुसते उभे राहता आणि कुठून तुम्हाला कळतं देव जाणे."

हे खरं होतं.   संध्याकाळचे ट्रे फुगून तयार होते, ते माणसांची भांडणं मिटायची वाट बघत नाहीत.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "एक घाणा भाजायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही चालत कुठवर जाल?"

"मी? चालत?" बाबा विचारात पडले. असा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता, पण पावाचा विषय निघाला की ते उत्तर दिल्याशिवाय राहत नसत. "शाळेचा कोपरा. तिथून परत."

"मग झालं तर. मामा पाव आत टाकेल, तुम्ही निघायचं. तुम्ही दारात परत आलात की मामा बाहेर काढेल. मामाने वेळेचा विचारच करायचा नाही. तुम्ही आलात म्हणजे वेळ झाली."

मामाचा चेहरा उजळला. आईने ट्रे खाली ठेवला. डॉक्टरीणबाई चष्मा काढणार होत्या, त्या थांबल्या.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "आज आणि उद्या आराम. मग भाजणी चालू असताना चाला हवं तेवढं. आच रस्त्यावर पोचत नाही."

"म्हणजे मी नाही चाललो तर पाव जळणार?" बाबांनी विचारलं.

"कोळसा," मामाने खात्री दिली.

त्या संध्याकाळचे पाव काळे निघाले, त्याबद्दल बोलायला नको. दुसऱ्या दिवशीचेही. मंगळवारी मात्र बाबांनी पायांत बूट घातले. कपाटाच्या तळाशी सापडले होते, त्यांच्यात कोळ्याचं जाळं होतं. मामाने ट्रे आत सारला, झाकण लावलं, आणि बाबा निघाले. भिंगरी शाळेत जायलाच निघाली होती, ती दप्तर घेऊन बरोबर.

पहिल्या खांबापर्यंत बाबा असे चालले की जणू रस्ता उधार आणलाय. दुसऱ्या खांबापाशी लाँड्रीवाला हात वर करून म्हणाला, "काय शेठ, आज पायी?" एरवी बाबा त्याच्याशी तासभर बोलले असते. आज ते थांबलेच नाहीत. "पाव आत आहेत," ते चालता चालता म्हणाले. फुलवाली म्हणाली, "बसा की जरा." "पाव आत आहेत." शिंप्याने मशीन थांबवून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोवर बाबा पुढे गेले होते. शाळेचा कोपरा येईपर्यंत त्यांची पावलं एवढी झपाझप पडत होती की भिंगरीचं दप्तर पाठीवर उड्या मारत होतं.

"बाबा, हळू. धाप लागेल."

"तू जा शाळेत," बाबा वळता वळता म्हणाले. "मला वास यायला लागलाय."

वास वगैरे काही येत नव्हता, एवढ्या लांब कुणालाच आला नसता. पण भिंगरी शाळेत न जाता त्यांच्या मागे निघाली, कारण असं काही पुन्हा बघायला मिळेल की नाही याची खात्री नव्हती. बाबा परतीच्या रस्त्याने चालत होते, हात हलवत, कपाळावर खराखुरा, कमावलेला घाम. बेकरीच्या दारात पोचले, चौकटीला धरून उभे राहिले.

"काढ," ते म्हणाले.

मामाने एक क्षणही न दवडता पाव बाहेर ओढले. आई पुढे आली. भिंगरी दप्तरासकट आत घुसली. चौघेही वाकून ट्रेमध्ये बघू लागले. एकही काळा नव्हता. सोनेरीही नव्हता. आईने एक पाव बोटाने दाबला, बोट आत गेलं आणि तिथेच राहिलं.

"कच्चे आहेत," ती म्हणाली.

मामाने पावांकडे बघितलं, मग बाबांकडे.  शेवटी म्हणालाच, "दाजी, राग मानू नका. पण उद्या जरा हळू चाला. तुम्ही फार लवकर आलात."

बाबा धापा टाकत होते. हे वाक्य त्यांनी दोनदा मनात फिरवून बघितलं. त्यांना, जगातल्या सगळ्या माणसांत त्यांना, कुणीतरी सांगत होतं की तुम्ही फार भरभर चालता. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की भिंगरीने ते आजवर फक्त पहिल्या वाफाळत्या पावाच्या वेळी बघितलं होतं.

"सार परत आत," ते मामाला म्हणाले आणि बुटाची नाडी घट्ट केली. "किती लागेल अजून?"

मामाने डोकं खाजवलं. आईने पावातून बोट काढलं, ते बघितलं.

"लाँड्रीपर्यंत," ती म्हणाली.

आणि बाबा निघाले.